सालातिगाहून आलेलं क्रियापद

एदुआर्दने बिस्किटांचा डबा उघडला, तिघांना एकेक बिस्किट घेऊ दिलं आणि झाकण लावून टाकलं. पलीकडच्या खोलीत आई शवपेटीत होती, आणि इकडे तिच्याच डब्याला झाकण लागलं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, थेयाचं, डोकं फिरलं ते तिथे. आईला ती दोघं मामी म्हणत, आणि मामीच्या हयातीत त्या डब्याला झाकण असल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एदुआर्दने ते कुठून शोधून काढलं देव जाणे, पण शोधून काढलं खरं. माणसाला ज्याची आवड असते ते त्याला सापडतंच.

अंत्यविधीचं पाहणारा हूक्स्ट्रा नावाचा गृहस्थ शोकपत्रांचे नमुने पसरून बसला होता. करड्या कडेचे, पांढरे, वर गव्हाच्या ओंब्या छापलेले. द हेगमध्ये माणूस मेला की पहिलं काम हेच. माणूस गेल्याची खात्री डॉक्टर करतो, पण ती पक्की होते शोकपत्र टपालात पडल्यावर.

"वरती काय छापू या?" हूक्स्ट्राने विचारलं. "बरेच लोक एखादं वचन घेतात."

"'नीत पीकरेन'," थेया म्हणाली.

हूक्स्ट्राचं पेन कागदाच्या वर थबकलं. पीकरेन म्हणजे एकच विचार रात्रभर चघळत राहणं आणि सकाळी त्यातून काहीही हाती न लागणं. अख्खा देश हा उद्योग करतो, पण शोकपत्रावर 'झुरत बसू नका' असं कुणी छापत नाही. मामी मात्र आयुष्यभर तेच म्हणत आली होती. थेया परीक्षेत नापास झाली तेव्हा, तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, वडील गेले त्या संध्याकाळीसुद्धा. पानात भात वाढायचा आणि म्हणायचं, "पीकरेन बंद. आधी जेव."

"हे शोकपत्र आहे, थेया," एदुआर्द म्हणाला. "स्वयंपाकघराची भिंत नाही."

"आई स्वयंपाकघरातच राहिली. दिवाणखान्यात तू राहायचास."

"माझ्या खात्यातले लोक येणार आहेत. चर्चचं मंडळ येणार आहे. त्यांच्या हातात मी हे ठेवू?"

"शब्द चांगलाय साहेब," हूक्स्ट्रा मधेच म्हणाला. "माझी बायको रोज रात्री हेच करते."

एदुआर्दने त्याच्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने बिस्किट तसंच बशीत ठेवलं.

"बरं, जन्मठिकाण?" हूक्स्ट्राने विषय बदलला.

"तारीख पुरे," एदुआर्द म्हणाला.

"सालातिगा," थेया म्हणाली.

"ते कुठे आहे हे कुणाला ठाऊक आहे?"

"म्हणून तर छापतात. ठाऊक असतं तर तोंडी सांगितलं असतं."

एदुआर्द हा दुष्ट माणूस नव्हता, हे त्याच्या जमेला मांडायला हवं. जावा बेटावरच्या सालातिगा गावात मिश्र रक्ताच्या कुटुंबात तो जन्मला. चौदाव्या वर्षी डच मुलखात जहाजातून उतरला तेव्हा त्याचा गव्हाळ रंग बघून शाळेतल्या पोरांनी त्याला 'शेंगदाणा' म्हणायला सुरुवात केली. थेया तेव्हा नऊ वर्षांची. तिलाही म्हणायचे, पण ती चावायची. एदुआर्द चावला नाही. त्याने ठरवलं की या लोकांपेक्षा आपण जास्त डच व्हायचं, आणि ते त्याने खरोखर करून दाखवलं. सहा वाजता जेवण, कॉफीबरोबर एकच बिस्किट, आगाऊ कळवल्याशिवाय पाहुणा नाही. मंत्रालयात खात्याचा प्रमुख झाला. नावाआधी पदवीची तीन अक्षरं लागली, ती तो दारावरच्या पाटीवरही लावत असे.

आल्याआल्या सरकारने त्यांना एका थंडगार वसतिगृहात ठेवलं होतं. दर आठवड्याला तिथे श्रीमती ऑफरहाउस नावाच्या बाई तपासणीला यायच्या. हे लोक अंथरूण नीट घालतात का, बटाटे पातळ सोलतात की जाड, पलंगाखाली तांदूळ दडवतात का, असं सगळं बघायच्या. मामी दडवायची. एकदा बाईंनी पलंगाखालून डबा ओढून काढला. मामीचा चेहरा उतरला. तो पाहून बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाल्या, "असं पीकरेन करू नये हं. इथे होईल सगळं सवयीनं."

मामी आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. हसता हसता तिला पलंगावर बसावं लागलं. बाईंना वाटलं, हवा मानवलेली नाही.

रात्री मामीने पोरांना सांगितलं. हा शब्द यांचा नाही, आपला आहे. घरी मोलकरीण दळता दळता म्हणायची 'पिकिर', म्हणजे विचार कर. मलायांना तो अरबांनी दिला, फिक्र म्हणून. (मराठीत जी फिकीर आहे ती याचीच सख्खी बहीण. आपण ती बहुतेक वेळा 'नाही' म्हणायलाच बाहेर काढतो, एवढंच.) मळेवाले, शिपाई, कारकून परत जाताना मसाल्याबरोबर हा शब्दही सामानात घालून घेऊन गेले, आणि थंडीत येऊन त्याचं दुखणं झालं. तिकडे नुसता विचार होता, इकडे निद्रानाश. "आमचंच सामान," मामी म्हणाली, "आणि ही बाई मला ते उसनं देते."

त्या रात्री थेया पोट धरून हसली. एदुआर्द हसला नाही. पुढच्या तपासणीला त्याने बाईंसमोर आईच्या डच बोलण्यातली चूक सुधारली. बाईंनी त्याला शाबासकी दिली.

तर असा हा भाऊ. आणि चारला छापखाना बंद होणार होता.

"असं करू," थेया शेवटी म्हणाली. आवाज तिने वर्गात वापरायचा तोच ठेवला होता. ती मुलांना डच शिकवायची, वीस वर्षं व्याकरणाचा फळा रंगवत आली होती. "वचन तुझं. ओंब्या हव्यात तर ओंब्या. माझा शब्द मी सोडला. पण सालातिगा राहील."

एदुआर्दने थोडा विचार केला. "चालेल."

"हूक्स्ट्रा, ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई. मसुदा साहेब फोनवर कळवतील."

इथे थेया चुकली. एक सोडलं, एक राखलं, सौदा बरा झाला असं तिला वाटलं. पण फोन कोण करणार, ते तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. थेयाने वरचं पत्र उचललं. ओंब्या होत्या. वचन होतं. योहाना विल्हेल्मिना, प्रेमळ आई, आजी, बहीण. जन्मतारीख, मृत्यूची तारीख, द हेग. खाली मुलांची नावं. अगदी शेवटी, 'अंत्यविधीनंतर कॉफी. फुलं नकोत.'

तिने दुसरं पत्र उचललं, जणू त्यात वेगळं निघेल.

"सालातिगा कुठंय?"

"ओळीत जागा नव्हती," एदुआर्द म्हणाला. तो पाकिटांवर तिकिटं चिकटवत होता, एकेक, कोपऱ्याशी कोपरा जुळवून. "छापखान्यातला माणूस म्हणाला, ओळ तुटते. वाईट दिसतं."

"तू मला शब्द दिला होतास."

"थेया, आता वाद नको. चारला टपाल उचलतात. पुन्हा छापायला वेळ नाही."

हेही त्याने मोजूनच केलं होतं. थेया स्वयंपाकघरात गेली, मामीचा दगडी खल उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. जड होता. तो दुसऱ्या कशावर तरी ठेवायची तिची इच्छा इतकी स्पष्ट होती की तिची तिलाच भीती वाटली. मग तिने फोन उचलला आणि तूती मावशीला लावला.

तूती मावशी ही मामीची धाकटी बहीण, एकाहत्तर वर्षांची. इकडच्या सगळ्या जावावाल्यांचं टपाल, तार आणि वर्तमानपत्र तीच. तिला कळवलं की पुढे कुणाला कळवावं लागत नसे.

"पत्र येईल तुला उद्या," थेया म्हणाली. "मावशी, ते वाचून मला शिव्या देऊ नकोस."

"का गं, काय लिहिलंय?"

"काय लिहिलं नाही ते बघ."

"एदु?"

"दुसरं कोण."

"बरं. येताना काय आणू?"

"लिहिलंय त्यात. फुलं नकोत."

"फुलं नकोत," मावशीने घोकल्यासारखं म्हटलं. "मग कळलं."

थेयाला त्या क्षणी काही लक्षात आलं नाही. रागात कान अर्धेच चालतात.

आता हिशोब असा. एदुआर्दने कॉफी आणि केकच्या फोडी मागवल्या होत्या त्या पत्रं जितकी गेली तितक्याच. माणशी एक फोड. पत्र नाही तो येत नाही, हा इथला रिवाज. आणि 'फुलं नकोत' याचा इथला अर्थ असा की हात हलवत या. पण मामीच्या माणसांत पत्राची वाट कुणी बघत नाही, आणि मयताच्या घरी हात हलवत जाणं म्हणजे तोंड न धुता जाणं. फुलं नकोत असं कुणी लिहिलंच, तर त्याचा एकच अर्थ निघतो. खायला आणा.

ते आले. अंत्यविधीच्या सभागृहात चर्चच्या मंडळातले लोक करड्या कोटांत दोन रांगा धरून बसले होते, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि उघडंच राहिलं. ट्रामने आले, आर्नहेमहून गाडीने आले, म्हाताऱ्या काठ्या टेकत, म्हातारे केसांना तेल लावून. प्रत्येकाच्या हातात भांडं. फडक्यात बांधलेली पातेली, केळीच्या पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या वळकट्या, म्हणजे लेम्पर, परातच्या परात. तिखटाच्या बरण्या. थरांचा केक, ज्याचा एकेक थर वेगळा भाजावा लागतो आणि ज्यापुढे एदुआर्दची फोड म्हणजे पावाचा तुकडा. खुर्च्या संपल्या, मग लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

एदुआर्दच्या मानेवर लाल रंग चढला.

पाठोपाठ सभागृहाची व्यवस्था पाहणारी बाई आली. "साहेब, बाहेरचं खाणं आत चालत नाही. नियम आहे. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," एदुआर्द म्हणाला आणि सरळ तूती मावशीकडे गेला. थेया मागोमाग गेली. एव्हाना तिला पळावं लागत नव्हतं, राग तिला ढकलत होता.

"मावशी, हे सगळं परत गाडीत ठेवायला सांगा. प्लीज. इथे परवानगी नाही."

तूती मावशी बसल्या जागेवरून उठली नाही. मांडीवर पातेलं, पातेल्यावर हात.

"एदु," ती म्हणाली, "मला एक सांग. माझी बहीण कुठं जन्मली?"

"मावशी, आत्ता ही वेळ—"

"नाही, पत्रावर नव्हतं म्हणून विचारते. दोन वर्षांनी त्याच घरात मी जन्मले. तिला गाव नसेल तर मलाही नसणार. म्हातारपणी कळलेलं बरं."

आजूबाजूला कुणीतरी हसलं. हसणं चांगलं नव्हतं.

"ओळीत जागा नव्हती," एदुआर्द दबक्या आवाजात म्हणाला.

"जागा होती," थेया म्हणाली. ती दबकली नाही. "तुझ्या नावाआधी तुझी पदवी छापलीस. तीन अक्षरं आणि एक टिंब. ती ओळ नाही तुटली. त्याच्यापुढं 'माजी कोषाध्यक्ष, चर्च मंडळ'. तीही नाही तुटली. आईच्या शोकपत्रावर आईचं गाव काढून तू स्वतःची पाटी लावलीस, एदु."

पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. हे एदुआर्दला खलाच्या दगडापेक्षा जास्त लागलं असणार.

"तू हे इथं, सगळ्यांसमोर बोलणार?"

"तू छापून वाटलंस. मी नुसतं बोलतेय."

तेवढ्यात हूक्स्ट्राने हळूच खोकून वेळ झाल्याचं सुचवलं. आधी एदुआर्द बोलला. भाषण नीटनेटकं होतं. आई कष्टाळू होती, आई नीटस होती, आईने इथल्या जीवनाशी सुंदर जुळवून घेतलं. 'सुंदर जुळवून घेतलं' हे ऐकलं आणि थेयाच्या हातातल्या भाषणाच्या कागदाचा बोळा झाला. तिचं नाव पुकारलं तेव्हा तो बोळा तिने खिशात घातला आणि रिकाम्या हातांनी उभी राहिली.

"मी शिक्षिका आहे," ती म्हणाली. "मला शिकवता येतं, दुसरं काही येत नाही. तेव्हा एक क्रियापद घेऊ या. पीकरेन. मी पीकर, तू पीकर्त, आम्ही पीकरेन. काल म्हणाल तर पीकरदे. करून झालं असेल तर खेपीकर्त. वीस वर्षं फळ्यावर लिहितेय, एकाही पोराला अडलं नाही. अगदी नियमात चालणारं क्रियापद. लावाल तो प्रत्यय निमूट घेतं. म्हणूनच त्याचं मूळ कुणी विचारत नाही."

मंडळातल्या एका म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले.

"हे क्रियापद माझ्या आईच्या बेटावरून आलं. तिच्या कितीतरी वर्षं आधी. त्याला इथे कुणी थंड वसतिगृहात ठेवलं नाही. त्याच्या पलंगाखाली कुणी डबे शोधले नाहीत. बटाटे कसे सोलतोस ते दाखव, असं त्याला कुणी म्हटलं नाही. ते आलं आणि तुमच्या अंथरुणात शिरून झोपलं, आणि तुम्ही म्हणालात, आपलंच आहे. माझी आई तीन वर्षं तपासणीला उभी राहिली. आणि मेल्यावर तिचं गाव ओळीत मावलं नाही."

ती थांबली.

"माझी आई सालातिगाला जन्मली," ती म्हणाली आणि खाली बसली.

मागून एका म्हातारीने मोठ्यांदा 'हो' म्हटलं, कोर्टात साक्ष द्यावी तसं. मग दुसरीने. मग बराच वेळ भिंतीकडून 'हो' येत राहिलं.

मामीला मातीत ठेवून लोक परत आले तेव्हा सभागृहाच्या बाईने विचारलं, "मग खाण्याचं काय?" एदुआर्द खिडकीकडे वळला. हूक्स्ट्रानेच तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि जाता जाता एक लेम्पर तिच्या हातावर ठेवला. नियम त्या दिवसापुरता कुठेतरी सरकला.

चर्चच्या मंडळाने आधी केकच्या फोडी घेतल्या, एकेक. मग पातेल्यांकडे तिरके पाहत उभे राहिले. मग त्यातला कोषाध्यक्ष, म्हणजे एदुआर्दच्या जागी आलेला, "हे नुसतं चाखून बघतो," म्हणाला, आणि नंतर बराच वेळ चाखतच राहिला. बरणीतलं तिखट त्याने जॅमसारखं घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तूती मावशीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "रडा, रडा. मयतच आहे."

एदुआर्द खिडकीपाशी एकटा उभा होता, बशीत केकची फोड. तूती मावशी गेली आणि विचारलंही नाही, फोडीशेजारी एक लेम्पर ठेवला.

"पीकरेन बंद," ती म्हणाली. "आधी जेव."

त्याने तोंड फिरवलं.

बरेचसे पांगल्यावर थेया बशा गोळा करायला लागली. खिडकीतल्या बशीत केकची फोड होती तशी होती. शेजारी केळीचं पान होतं, रिकामं, आणि आतल्या बाजूला नीट चौपदरी घडी घातलेलं. मामी तशी घालायला शिकवायची, म्हणजे हात चिकट होत नाहीत. थेयाने ती घडी पाहिली. तिचा राग काही उतरला नाही. उलट जरा वाढलाच. येत होतं तर याला सगळं.

बाहेर एदुआर्द गाडीत बसला होता. इंजिन चालू होतं, पण गाडी हलत नव्हती. थेया जवळ गेली तशी त्याने काच खाली केली, अर्धीच.

"तू मला माझ्या लोकांसमोर उघडं पाडलंस," तो म्हणाला.

"तुझे लोक आत अजून खातायत. दुसऱ्यांदा वाढून घेतलंय."

त्याने समोर पाहिलं. वायपर उगाच एकदा फिरवला.

"दगडावर कोण काय लिहिणार, तेही आता तूच ठरवणार असशील."

"दगडावर जागा आहे. कोरणाऱ्याकडे बघून आलेय."

मग तो म्हणाला, "सालातिगा लिही." आणि लगेच, जणू फार देऊन बसलो असं वाटून, "पण ते दुसरं नको. थडग्यावर क्रियापद नको, थेया."

"तेही लिहिणार."

"त्या मजकुरावर मी सही करणार नाही."

"बघू."

काच वर गेली. गाडी निघाली, वळणावर नियमाप्रमाणे दिवा लुकलुकला.

इथल्या ओल्या मातीवर लगेच दगड ठेवत नाहीत. माती बसायला सहाएक महिने लागतात, मगच कोरणारा येतो. भांडायला तेवढे पुरे होते, आणि त्या दोघांपैकी एकाचीही त्यातला दिवस फुकट घालवायची इच्छा दिसत नव्हती. थेया परत आत गेली. एदुआर्दने कॉफीच्या टेबलावर आणून ठेवलेला मामीचा बिस्किटांचा डबा उचलला, उरलेले लेम्पर त्यात भरले, आणि झाकण कचऱ्याच्या पेटीत टाकलं.